होडीची दोन चाकं

पत्राला उत्तर न देणारा माणूस आळशी असतो असा एक समज आहे. माझ्यापुरतं सांगायचं, तर मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो. टेबल पुसलं, चष्मा पुसला, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, ‘प्रिय’ एवढं लिहिलं आणि थांबलो. दहा आठवडे तो कागद तसाच राहिला. रोज सकाळी मी त्याच्यासमोर बसायचो आणि ‘प्रिय’चं अक्षर बरं आलंय एवढं पाहून उठायचो.

पत्र माझ्या मित्राचं होतं. आम्ही दोघांनी एकाच छापखान्यात चौतीस वर्षं काढली. तो यंत्रावर, मी मुद्रितं तपासायला. मी चुका काढायचो आणि माझ्या हातून निसटलेल्या तो दोन-दोन हजार प्रतींत छापायचा. निवृत्त झाल्यावर मी वाचायची राहिलेली पुस्तकं काढली आणि त्याने शिडाची कयाक आणली. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. आत पाय पसरून बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं, आणि वारा असेल तर पुढची छोटी डोलकाठी उभी करून शीड लावायचं. दर रविवारी तो तळ्यावर जायचा. मी बरोबर जायचो आणि काठावर पुस्तक घेऊन बसायचो. पोहता मलाही येतं. पण स्वतः पाण्यात जायचं नाही आणि जाणाऱ्याकडे मान वर करून बघत राहायचं, हा माझा जन्माचा स्वभाव आहे.

मग तो न्हाणीघरात घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर मुलगी त्याला आपल्या गावी घेऊन गेली. जाण्याआधी त्याने कयाक टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवली. मला नाही म्हणता येत नाही असं नाही, पण म्हणायला वेळ लागतो. तोवर टेम्पो दारात येऊन उभा राहतो.

पत्रात त्याने लिहिलं होतं:

‘होडी पाण्यात घातलीस का? फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतोस. लिहून कळव. तळ्याच्या मधोमध ते लाल पिंप तरंगतं ना, तिथवर एकदा जाऊन आलास की लिही. इथे सगळे मला वॉकर धरून चाल म्हणून मागे लागलेत. दुखतं रे फार. पलंगापासून संडासापर्यंत जाण्यासाठी इतकं दुखवून घ्यायची माझी तयारी नाही. होडी चालू असेल तर गोष्ट वेगळी. मग मला उठायलाच हवं. आणि खोटं लिहू नकोस. चौतीस वर्षं तुझं अक्षर वाचलंय.’

आता याला ‘प्रिय’च्या पुढे काय लिहिणार?

होडी त्या वेळी आमच्या घरात होती. आमचं घर तळमजल्यावर आहे, पण सव्वाचार मीटर सरळ जागा त्यात एकच, ती म्हणजे बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाणारा बोळ. त्यामुळे होडीचं शेपूट माझ्या पुस्तकांच्या कपाटाशी आणि नाक स्वयंपाकघरात.

“अहो,” बायको म्हणाली, “मला आता फ्रिज उघडायचा तर होडी ओलांडावी लागते.”

“मग मी काय करू?”

“पाण्यात न्या. होडीची जागा ती आहे. फ्रिजची ही आहे.”

माझ्या बायकोचं बोलणं मला नेहमीच शुद्ध करून आल्यासारखं वाटतं. त्यात दुरुस्तीला जागा नसते.

होडी तळ्यापर्यंत न्यायची सोय मित्राने करून ठेवली होती. दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून त्याने एक ट्रॉली बनवली होती. तिला जेवणाच्या ताटाएवढी हवेची दोन चाकं, वर होडी खरचटू नये म्हणून स्पंजच्या गाद्या आणि बांधायला एक पट्टा. होडीच्या पोटाखाली ती ट्रॉली सरकवायची, पट्टा आवळायचा, नाक उचलायचं आणि ओढत न्यायचं. तळं आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. कागदावर यात कुठेच चूक नव्हती.

घरात होडी असल्यामुळे ट्रॉलीला जागा उरली नाही. मी ती जिन्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीचे सेक्रेटरी दारात.

“काका, जिन्याखाली वाहन ठेवायचं नाही.”

“वाहन नाही हो ते. होडीची ट्रॉली आहे.”

“चाकं किती?”

“दोन.”

“मग दुचाकी.”

“पण तिला इंजिन नाही...”

“सायकलला तरी कुठे असतं?”

या मुद्द्याला मला उत्तर सापडलं नाही. तसं ते सापडलं, पण दोन दिवसांनी, दाढी करताना. तोवर ट्रॉली सतरा नंबरच्या जागेत लागलीही होती. ही जागा बावीस वर्षं माझ्या नावावर होती हे मला तेव्हाच कळलं. माझ्याकडे वाहन नसल्यामुळे तिथे सेक्रेटरींची दुसरी स्कूटर उभी असायची. नियमाप्रमाणे त्यांना ती हलवावी लागली आणि हलवताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावरून मीच त्यांना जिन्याखाली ठेवलं होतं असं वाटावं. मग ट्रॉलीच्या नळीवर त्यांनी पिवळा स्टिकर चिकटवला. ‘दुचाकी, जागा क्र. १७’. खाली सही, वर शिक्का. दोन मोठ्या स्कूटरींच्या मध्ये ती बिचारी, दुसऱ्यांच्या फोटोत चुकून आलेल्या माणसासारखी अंग चोरून उभी राहिली.

पण उघड्यावर ठेवलेली वस्तू लोकांच्या नजरेत भरते. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. त्यांना धुलाई यंत्र दुरुस्तीला न्यायचं होतं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कुंड्या हलवायला घेऊन गेल्या. मग कुणाचं कपाट, कुणाची गादी. स्वतः सेक्रेटरी एकदा पाण्याची टाकी वाहून नेताना दिसले आणि मला पाहून म्हणाले, “वाहन चांगलं आहे काका, जपून वापरा.” आठवड्याभरात माझ्या मित्राची ट्रॉली साऱ्या इमारतीची झाली. होडीबद्दल मात्र कुणी विचारत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटत होतं. ट्रॉलीच जागेवर नाही म्हटल्यावर होडी नेणार कशी? रोज सकाळी मी सतरा नंबरपाशी जायचो, जागा रिकामी बघायचो आणि कर्तव्य केल्यासारखा परत यायचो.

मग मित्राच्या मुलीचा फोन आला.

“काका, तुम्ही बाबांना पत्र लिहिणार होतात का?”

“हो, हो.”

“ते उठतच नाहीयेत हो. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर असेच पडून राहिले तर पुढे पाय साथ देणार नाहीत. मी वॉकर पुढे केला की म्हणतात, आज टपाल आलं का? काहीही लिहा ना काका. नुसतं जाऊन आलो म्हणून लिहा. त्यांना काय कळणार आहे?”

फोन ठेवल्यावर मी खरोखरच लिहायला बसलो. ‘काल पिंपापर्यंत जाऊन आलो. वारा छान होता.’ आणि त्या दोन ओळींकडे पाहिलं. अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती, मास्तरांनी पकडलेल्या पोरांसारखी. त्याला पाकीट फोडण्याआधीच कळलं असतं. मी कागद फाडला आणि चप्पल घातली.

ट्रॉली तिसऱ्या मजल्यावर होती. स्वतःची वस्तू मागायला जायचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. जिन्यात मी दोनदा वाक्य जुळवलं, तरी दार उघडल्यावर “त्रास होणार नसेल तर...” अशीच सुरुवात झाली. बाईंनी कुंड्या उतरवल्या आणि विचारलं, “पण संध्याकाळी परत द्याल ना काका?”

मी हो म्हणालो.

ही बातमी इंजिनिअरना कशी कळली कोण जाणे. मी होडीखाली ट्रॉली सरकवत होतो, तोच ते बोळाच्या दाराशी हात मागे बांधून उभे.

“कुठे बांधताय? मध्यावर?”

“मध्यावरच बांधतात ना?”

“मध्यावर नाही, तोलावर! सगळा खेळ तोलाचा आहे. पुस्तिका असेल ना? पुस्तिका वाचल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही.”

पुस्तिका होती. पुस्तिका म्हटल्यावर मलाही धीर आला. छापील गोष्टीवर माझा फार विश्वास, कशा छापतात हे पाहिलेलं असूनही. त्यात एक वाक्य होतं: ‘तोल पाहताना होडीत नेहमीचा भार असावा.’ नेहमीचा भार म्हणजे मी. पण मी आत बसलो तर तोल पाहणार कोण? इंजिनिअर म्हणाले, तुमच्या वजनाचं काहीतरी भरा. माझं वजन अठ्ठावन्न किलो. घरात अठ्ठावन्न किलोचं म्हणता येईल असं एकच होतं. मी कपाट उघडलं, ज्ञानकोशाचे खंड एकेक करून काट्यावर ठेवले आणि तेवीस खंडांना बरोबर मी झालो. होडीच्या पुढच्या झाकणाखालच्या कप्प्यात अकरा, मागच्यात बारा. मग ट्रॉली बोटबोट सरकवत आम्ही तो बिंदू शोधला. खरंच सांगतो, नाक करंगळीने उचललं जात होतं. इंजिनिअरनी टाळ्या वाजवल्या.

इथे खंड बाहेर काढायचे असतात, हे आता कुणालाही कळेल. त्या वेळी आम्ही दोघंही तोलाच्या आनंदात होतो. दार मोकळं करून आम्ही होडी तशीच रस्त्यावर काढली.

पहिली शंभर पावलं झकास गेली. केशकर्तनालयातून कारागीर वस्तरा घेऊन बाहेर आला आणि त्याच्यामागून एका गालावर फेस असलेलं गिऱ्हाईक. मी मान खाली घालून चालत होतो, पण आतून मला थोडं मोठं झाल्यासारखं वाटत होतं. मागून इंजिनिअर “डावीकडे! थोडं डावीकडे!” असं ओरडत होते. रस्त्यावर दुसरं काहीच नसल्यामुळे ते कशासाठी, ते कळत नव्हतं.

मग उतार लागला. ज्ञानाला उतारावर काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मागचे बारा खंड आपल्या जागी राहिले, पण पुढचे अकरा एकदम नाकाकडे सरकले. करंगळीने उचलणारं नाक दोन्ही हातांना आवरेना. होडी मला ओढू लागली. मी धावलो. सत्तरी ओलांडल्यावर मी धावताना कुणाला दिसावा असं मला कधीच वाटलं नव्हतं. शेवटी ट्रॉलीचं एक चाक पदपथाच्या कडेला आपटलं, फट्ट आवाज झाला आणि होडी एका बाजूला कलून थांबली. थांबली ती सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर. एवढं माझ्या बाजूने झालं.

दुकानदाराने चाक पाहिलं, होडी उचलून पाहिली, पुन्हा खाली ठेवली.

“आजोबा, ह्यात काय भरलंय?”

“काही नाही,” मी म्हणालो आणि त्याच क्षणी मला आठवलं.

त्याने झाकण उघडून आत हात घातला, एक खंड बाहेर काढला, पाठीवरची अक्षरं वाचली. “‘क’ ते ‘ख’. समुद्रात वाचायला?”

“तळ्यात,” मी म्हणालो. निदान माहिती तरी अचूक द्यावी असं मला वाटलं.

इंजिनिअरना एकाएकी घरी काम आठवलं. बायकोला बोलावलं. आम्ही पिशव्यांतून तीन खेपांत ज्ञानकोश घरी नेला. दोन खेपांत ती एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाली, “‘क’ ते ‘ख’ टेबलावर ठेवलाय. कयाक त्यात असेल बघा.”

ताटाएवढ्या चाकाची ट्यूब मिळायला दोन दिवस लागले. तोवर होडी दुकानासमोरच राहिली आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मला सांगावं लागलं की ट्रॉली आज येणार नाही. त्यांनी “असू द्या” म्हटलं, पण कुंड्यांच्या वतीने त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

दोन दिवसांनी आम्ही नवरा-बायको निघालो. आत खंड नाहीत, इंजिनिअर नाहीत. होडी पिसासारखी हलकी. तळ्याच्या फाटकापाशी पहारेकरी खुर्चीत बसला होता. त्याच्या डोक्यावर पाटी होती: ‘वाहनांना आत प्रवेश नाही.’

“होडी आहे,” मी आपणहून सांगितलं.

“होडीला बंदी नाही. खाली काय आहे?”

“ट्रॉली.”

तो उठला, वाकला आणि मोठ्याने वाचलं: “दुचाकी. जागा क्रमांक सतरा.” मग उभा राहून म्हणाला, “शिक्का आहे, आजोबा.”

“ते आमच्या सेक्रेटरींनी उगाच...”

“शिक्का उगाच मारत नाहीत.”

“बरं, मग ट्रॉली इथे तुमच्यापाशी ठेवतो.”

त्याने मागच्या बाजूची दुसरी पाटी दाखवली: ‘फाटकासमोर वाहने उभी करू नयेत.’

म्हणजे आत न्यायची नाही, बाहेर ठेवायची नाही. बायकोने केसातली पिन काढली. “सरका, खरवडून टाकते तो स्टिकर.”

“अगं नको!” मी तिचा हात धरला. चौतीस वर्षं मी कागदावरची खूण काढली ती समासात कारण लिहून काढली. शिक्क्याचा कागद पिनेने खरवडणं मला बघवलं नसतं. पहारेकऱ्याने माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. पण आत सोडलं नाही. कार्यालयातून लिहून आणा म्हणाला.

कार्यालयात मी दोन दिवस सकाळी गेलो. पहिल्या दिवशी अर्ज मिळाला, दुसऱ्या दिवशी कारकून मिळाला. त्याने अर्ज वाचला.

“इंजिन क्रमांक लिहिला नाही.”

“इंजिन नाही.”

“मग चालते कशावर?”

“वाऱ्यावर.”

त्याने लेखणी खाली ठेवली. “काका, वाऱ्याचा रकाना नाही ह्यात.”

“ट्रॉली चालत नाही हो वाऱ्यावर. ती ओढावी लागते. होडी वाऱ्यावर चालते. पण होडीला परवानगी आहेच. परवानगी ट्रॉलीला हवी आहे, आणि ती फक्त होडी पाण्यापर्यंत...” बोलता बोलता माझा आवाज बसत गेला. खिडकीपलीकडे माणूस असला की मला माझंच म्हणणं खोटं वाटू लागतं. एरवी मी अर्ज उचलून घरी आलो असतो. पण त्या दिवशी मी म्हणालो, “माझा एक मित्र अंथरुणात पडून आहे. मी पिंपापर्यंत जाऊन आल्याशिवाय तो उठणार नाही.”

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि अर्जाच्या कडेला लिहिलं: ‘वाहन असल्यास प्रवेश नाही. सामान असल्यास हरकत नाही.’

“ह्याचा अर्थ काय?” मी विचारलं.

“तो फाटकावरचा बघेल,” तो म्हणाला. “पुढचे या.”

फाटकावरच्याने तो शेरा दोनदा वाचला. त्या दिवशी बायकोबरोबर इंजिनिअरही आले होते. मागची चूक तत्त्वतः त्यांची नव्हती हे सांगायचं असल्यामुळे. पहारेकरी विचार करत होता. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. शेवटी तो म्हणाला, “चाकं जमिनीला लागली की वाहन. होडीत घातली की सामान. बरोबर ना?”

“अगदी बरोबर!” इंजिनिअर म्हणाले.

“मग घाला सामान होडीत.”

आम्ही पट्टा सोडला, ट्रॉली उलटी करून होडीच्या मागच्या पाठीवर बांधली, चाकं वर आकाशाकडे. मग चौघांनी होडी उचलली. चौथा पहारेकरीच. “फाटकातून जाईपर्यंत,” तो म्हणाला. “आत तुम्ही काय करता त्याच्याशी माझा संबंध नाही.” फाटक ओलांडून दहा पावलं गेल्यावर त्याने आपलं टोक खाली ठेवलं, टोपी नीट केली आणि कडक आवाजात म्हणाला, “आता लावा चाकं.”

पण पाणी समोरच वीस पावलांवर होतं. पुन्हा सोडा, पुन्हा बांधा, कोण करणार? आणि परत येईपर्यंत ती ठेवायची कुठे, हा प्रश्न होताच. “राहू दे वरच,” बायको म्हणाली. ट्रॉली कुठे ठेवावी या प्रश्नाने मला इतके दिवस छळलं होतं, आणि तिने तो तीन शब्दांत मिटवला. तो बरोबर मिटला नव्हता, हे पुढे दिसेलच.

मी लाइफ जॅकेट घातलं. बायकोने त्याचे बंद ओढून पाहिले, दोनदा.

“अहो, भीती वाटते का?”

“हो.”

“मग जा लवकर. उभं राहिलात की वाढते.”

मी आत बसलो. त्यांनी ढकललं. काठ मागे गेला आणि पहिल्यांदाच मला तो पाण्याकडून दिसला. फार छोटा होता. मी चार वेळा वल्हं मारलं, पुस्तिकेप्रमाणे डोलकाठी उभी केली, शीड सोडलं, त्याची दोरी हातात घेतली. शिडाचं शास्त्र सोपं आहे. दोरी ओढली की वारा धरतो आणि होडी धावते. दोरी सैल सोडली की वारा सुटतो आणि होडी थांबते. मला फक्त दुसरा भाग हवा होता. पण जास्तीची दोरी मी मागे टाकली होती, आणि मागे, चाकं वर करून, सामान बसलं होतं. वाऱ्याने चाक गरगरलं. दोरी त्यात अडकली, आणि चाकाने ती मुलाने शेवया ओढाव्यात तशी गिळायला सुरुवात केली. मी सैल सोडायला गेलो तर सोडायला दोरीच उरली नव्हती. शीड ताठ, होडी सुसाट.

काठावरून तिघं हात हलवत होते. नंतर कळलं, बायको “दोरी सोडा!” म्हणत होती, इंजिनिअर “डावीकडे!” म्हणत होते, आणि पहारेकरी काही म्हणत नव्हता, तो शिट्टी वाजवत होता. मला वाटलं, तिघं मला शाबासकी देताहेत. म्हणून मीही एक हात हलवला.

तो हात खाली आणतो तोच समोर लाल पिंप. त्याला वळसा घालायचा असतो. सुकाणू पायाने दाबायचं असतं हे मी वाचलं होतं. कोणत्या पायाने, ते त्या क्षणी आठवेना. म्हणून मी दोन्ही पायांनी दाबलं. होडीने काय समजायचं ते समजून सरळ जाऊन पिंपाला धडक दिली.

मी पिंपाला मिठी मारली. अक्षरशः. डावा हात पिंपाभोवती, गाल त्याच्या गार, शेवाळलेल्या अंगावर. शीड फडफडलं आणि निमूट झालं. कुठेच आवाज नव्हता. पाणी होडीच्या अंगाला हळू हळू चापट्या मारत होतं. मी डोळे मिटून घेतले होते. मग उघडले. तळ्याच्या मधोमध होतो. सत्तर वर्षं मी ज्या गोष्टी वाचल्या होत्या, त्यांतली एक माझ्याभोवती घडून गेली होती आणि मी अजून कोरडाच होतो.

तिथे मी किती वेळ होतो सांगता येत नाही. बायको म्हणते वीस मिनिटं. उजवा हात मागे नेऊन मी चाक उलटं फिरवलं आणि एकेक वेढा सोडवत दोरी परत मिळवली. मग शीड काठीभोवती गुंडाळलं आणि वल्ह्याने, एक डावं एक उजवं, मोजत मोजत काठाला आलो. हात दुखत होते. फार दुखत होते. तरी काठ जवळ आला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पहारेकऱ्याने होडीचं नाक धरलं. “सामान नीट आहे ना, आजोबा?”

बायकोने माझ्या गालावरचं शेवाळ पदराने पुसलं आणि पुसल्यावरही हात तिथेच ठेवला. इंजिनिअर पलीकडे बघू लागले.

घरी येऊन मी कपडे न बदलताच टेबलाशी बसलो. तो जुना कागद घेतला नाही. नवा घेतला. खांद्यात इतकी कळ येत होती की लेखणी नीट धरता येईना. अक्षर वेडंवाकडं आलं, ओळी उताराला लागल्या. पण मी लिहीत गेलो. ज्ञानकोश लिहिला, फट्ट आवाज लिहिला, शिक्का लिहिला, कारकून लिहिला. ‘वळसा घातला नाही,’ असं लिहिलं, ‘धडकलो. आणि तू बनवलेली ट्रॉली पाठीवर बांधून नेऊ नये. तिने दोरी खाल्ली. पुढच्या वेळी ती कुठे ठेवायची ते मला कळत नाही. हे तुला इथे येऊनच ठरवावं लागेल. माझे दोन्ही खांदे गेलेत. वर हात जात नाही. उद्यापासून रोज सकाळी मी दुखत असतानाच उठून बसणार आहे. त्याच वेळी तूही बस. आठ वाजता.’

खाली सही केली. सवयीने पहिल्या ओळीपासून तपासायला घेतलं. तीन चुका दिसल्या. मी कागदाची घडी घातली.

पेटी कोपऱ्यावरच आहे. पत्र आत पडल्याचा आवाज ऐकला, तरी मी तिथेच उभा राहिलो. चार वाजता टपालवाला आला, त्याने कुलूप काढलं आणि सगळी पत्रं पिशवीत ओतली. त्याने माझ्याकडे पाहिलं. पेटीपाशी असं उभं राहणारा माणूस कशासाठी आलेला असतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असणार.

“काय काका, काही परत हवंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “जाऊ दे.”